प्लॅस्टरचा ऑस्कर

१९४३, १९४४ आणि १९४५ या तीन समारंभांत ऑस्करचा पुतळा प्लॅस्टरचा होता. वरून सोनेरी रंग, आत पांढरं प्लॅस्टर. युद्धामुळे धातू मिळत नव्हता म्हणून. सिनेमावर लिहिणारे लोक ही गोष्ट गंमत म्हणून एका ओळीत सांगतात आणि पुढे जातात. मला ती एका ओळीत सोडवत नाही, कारण माझा धंदाच हा आहे.

सांगलीत गणपती पेठेजवळ आमचं ढाली, चषक आणि स्मृतिचिन्हांचं दुकान आहे. बाबांनी सुरुवात केली ती भांड्यांवर नावं घालण्यापासून. लग्नसराईत दुकानापुढे तांब्या-पातेल्यांचा ढीग लागलेला असायचा आणि बाबा मान खाली घालून मामाकडून, आत्याकडून, कुणाच्या तरी स्मरणार्थ, अशी नावं टिंबाटिंबांनी ठोकत बसायचे. मग शाळांच्या स्नेहसंमेलनाच्या ढाली आल्या, कुस्तीच्या मैदानाच्या गदा आल्या, भजन स्पर्धा, कबड्डी, एकांकिका. बाबांच्या माघारी आता मी बघते. दुकानात माझ्याबरोबर एक कारागीर आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात. साच्याच्या कामात त्यांचा हात धरणारा मी तरी अजून बघितलेला नाही.

तीनेक वर्षांमागे एका कॉलेजची मुलं लघुपट स्पर्धेची ऑर्डर घेऊन आली. "ताई, ऑस्करसारखी बाहुली पाहिजे." त्या आकाराचे हक्क ऑस्कर देणाऱ्या अमेरिकेतल्या चित्रपट अकादमीकडे आहेत, तो तसाच्या तसा बनवून विकता येत नाही, म्हणून मी त्यांना दुसरं काहीतरी करून दिलं. पण त्या निमित्ताने मी त्या पुतळ्याचे फोटो जवळून बघायला लागले. तेव्हापासून युद्धाच्या वर्षांतले ते समारंभ माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत.

आधी पुतळ्याविषयी सांगते, कारण तो बनवणाऱ्याच्या नजरेने फार हुशारीने घडवलेला आहे. कल्पना एमजीएम स्टुडिओचे कलादिग्दर्शक सेड्रिक गिबन्स यांची, मूर्ती घडवली जॉर्ज स्टॅन्ली या शिल्पकाराने. साडेतेरा इंच उंची. फिल्मच्या रिळावर उभा असलेला योद्धा, दोन्ही हातांत छातीशी धरलेली तलवार. हात अंगाला चिकटून, पाय एकमेकांना चिकटून, तलवार मधोमध खाली रिळापर्यंत. कुठेही बाहेर आलेलं बोट नाही, पसरलेला पंख नाही. असा आकार साच्यातून अलगद सुटतो. मामांना फोटो दाखवला तर ते म्हणाले, "ह्येला दोन तुकड्यांचा साचा बास झाला की." धातूचा हा पुतळा साडेआठ पौंडांचा, म्हणजे पावणेचार किलोहून थोडा जास्त. सुरुवातीला तो कांस्याचा होता. थोड्याच वर्षांत ब्रिटानिया धातूचा करायला लागले आणि त्यावर सोन्याचा मुलामा.

ब्रिटानिया म्हणजे बहुतेक सगळं कथिल. थोडं अँटिमनी, थोडं तांबं. कथिल म्हणजे तेच, जे आपल्याकडे कल्हईला लागतं. त्या काळी जगातल्या कथिलाचा मोठा वाटा मलायातून यायचा. १९४२च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडलं आणि मलायाच्या खाणी जपानच्या ताब्यात गेल्या. अमेरिकेत जो धातू शिल्लक होता तो आधी युद्धाच्या कामाला. बक्षिसाच्या बाहुल्यांना कुठून मिळणार?

आपल्याकडेही तेच चाललं होतं. आईच्या देवघरातल्या डबीत एक भोकाचा पैसा आहे. मधोमध मोठं भोक असलेला तो पैसा सरकारने १९४३ साली काढला, धातू वाचावा म्हणून. चांदीच्या रुपयातली चांदी तर १९४० सालीच निम्म्यावर आणली होती. सिनेमावाल्यांना कच्ची फिल्म मोजून मिळायची, चित्रपट अकरा हजार फुटांपेक्षा लांब करायचा नाही असं बंधन आलं. त्याच १९४३ साली आपल्या भागात प्रतिसरकारची धामधूम होती. जुलैत वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. ज्या वर्षी आमच्या गावात गोळ्या चालल्या, त्याच वर्षी तिकडे कुणीतरी साच्यात प्लॅस्टर ओतून ऑस्कर बनवत होतं. ही दोन्ही वर्षं एकच आहेत हे लक्षात आलं तेव्हा तो लांबचा समारंभ मला एकदम जवळचा वाटला.

पण गोष्ट प्लॅस्टरपासून सुरू होत नाही. थोडं मागे जावं लागतं.

२९ फेब्रुवारी १९४०. युरोपात युद्ध पेटलेलं, अमेरिका अजून बाहेर. लॉस एंजेलिसच्या अँबॅसॅडर हॉटेलात, कोकोनट ग्रोव्ह नावाच्या दालनात जेवणाचा समारंभ. त्या रात्री 'गॉन विथ द विंड'ने बक्षिसांची रास लावली. त्याच चित्रपटासाठी हॅटी मॅक्डॅनियल यांना सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलाकार. त्या हॉटेलात कृष्णवर्णीयांना पाहुणे म्हणून घेत नसत. निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांना त्यांच्यासाठी खास शब्द टाकावा लागला. आत घेतलं, पण बसवलं बाजूच्या भिंतीलगतच्या वेगळ्या टेबलावर. बाकीचे कलाकार मधल्या टेबलावर. दोन महिने आधी अटलांटा शहरात चित्रपटाचा पहिला खेळ झाला, तेव्हा तर तिथल्या वर्णभेदाच्या कायद्यांमुळे त्यांना जाताच आलं नव्हतं.

आणि त्या टेबलावरून उठून त्या मंचावर गेल्या तेव्हा त्यांच्या हातात काय पडलं? पुतळा नाही. त्या काळी सहाय्यक कलाकारांना पूर्ण पुतळा देतच नसत. एक छोटी पाटी द्यायचे, तिच्यावर पुतळ्याची उठावातली आकृती. मुख्य भूमिकेला साडेतेरा इंचांचा पुतळा, सहाय्यकाला हातभर लांबून दिसणारही नाही एवढी पाटी. हॅटींनी मृत्यूपत्रात ती पाटी हॉवर्ड विद्यापीठाला दिली. पुढे ती तिथून नाहीशी झाली. २०२३ साली अकादमीने विद्यापीठाला दुसरी पाटी दिली, समारंभपूर्वक. नवी दिली हे चांगलंच झालं. पण जिच्यावर त्यांचा हात फिरला होता ती गेली ती गेलीच. आमच्याकडे कधीकधी जुनी, वडिलांची, आजोबांची ढाल उजळून द्या म्हणून लोक येतात. मी त्यांना सांगते, पुसून देते, पण नवा मुलामा नको. बोटांनी झिजलेली कड तशीच राहू दे.

त्याच रात्री आणखी एक गोष्ट घडली. तोवर निकाल वर्तमानपत्रांना आधीच कळवायचे, रात्री उशिरापर्यंत छापायचा नाही या बोलीवर. लॉस एंजेलिस टाइम्सने तो संध्याकाळच्या आवृत्तीतच छापून टाकला. पाहुणे हॉटेलात शिरायच्या आधी पेपरात निकाल वाचत होते. म्हणून पुढच्या वर्षापासून, १९४१पासून, बंद पाकिटं आली. आता ते पाकीट उघडणं हाच समारंभाचा जीव झालाय.

निकाल आधी कळणं ही आमच्या धंद्यातली फार नाजूक बाब आहे, म्हणून हा प्रसंग मी इतक्या आस्थेने वाचला. स्पर्धेचा निकाल मंचावर जाहीर व्हायच्या आधी तो माझ्याकडे येतो, कारण नावं कोरायची असतात. यादी आली की ती फक्त मी आणि मामा बघतो. पट्ट्या कोरून झाल्या की चषक वर्तमानपत्रात गुंडाळायचे, वर नुसता क्रमांक टाकायचा. एकांकिकेच्या हंगामात पोरं दुकानात येऊन गोड बोलून विचारतात, "काकू, आमचं काय झालं ओ?" त्यांचे चेहरे बघून पोटात कालवतं. तरी सांगायचं नाही. ज्यांच्या विश्वासावर यादी आली, त्यांचा विश्वास मोडला तर उद्या दुकान कशाला उघडायचं?

१९४१च्या समारंभात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट रेडिओवरून बोलले. त्या वर्षी जेम्स स्टुअर्ट यांना मुख्य अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. ते त्यांनी वडिलांकडे पाठवून दिलं आणि वडिलांनी ते आपल्या हार्डवेअरच्या दुकानात लोकांना बघायला ठेवलं. पेन्सिल्व्हेनियातल्या एका लहान गावात, खिळे-कुलपं-हातोड्यांच्या दुकानात ऑस्कर! मला हे फार आवडतं. बक्षीस जिथे गावाला दिसेल तिथेच ठेवावं. स्टुअर्ट त्या समारंभानंतर महिन्याभरात सैन्यात दाखल झाले.

मग ७ डिसेंबर १९४१ला जपानने पर्ल हार्बरच्या अमेरिकी नाविक तळावर हल्ला केला आणि अमेरिका युद्धात उतरली. समारंभ करायचा की नाही यावर खल सुरू झाला. त्या वेळी अकादमीच्या अध्यक्ष होत्या अभिनेत्री बेट डेव्हिस, त्या पदावरच्या पहिल्या महिला. त्यांनी सुचवलं की हॉटेलातलं जेवण बंद करा, समारंभ मोठ्या थिएटरात घ्या, सामान्य लोकांना तिकिटं विका आणि तो पैसा युद्धाच्या मदतनिधीला द्या. मंडळाला हे पटलं नाही. समारंभाची शान जाईल, अशी भीती. बेट डेव्हिस यांनी राजीनामा दिला. पद घेऊन थोडेच दिवस झाले होते. शोभेची अध्यक्ष म्हणून खुर्चीत बसायला त्या तयार नव्हत्या.

फेब्रुवारी १९४२चा समारंभ मग हॉटेलातच झाला, पण भपका काढून. थाटाचे पोशाख नकोत, जेवणानंतर नाच नको, बाहेर आकाशात फिरणारे प्रकाशझोत नकोत. महिनाभर आधीच कॅरोल लोम्बार्ड ही अभिनेत्री युद्धरोख्यांची विक्री करून परतताना विमान अपघातात गेली होती. दालनात दुखवटाच होता म्हणा ना. बेट डेव्हिस राजीनामा देऊन घरी बसल्या नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी आणि जॉन गारफिल्ड यांनी मिळून हॉलिवुड कँटीन उभं केलं. गणवेशातल्या कोणाही सैनिकाला तिथे सगळं फुकट. वाढायला, भांडी घासायला पडद्यावरचे कलाकार. आणि गोऱ्या-काळ्या सैनिकांना एकाच दारातून प्रवेश. अँबॅसॅडर हॉटेलातल्या त्या भिंतीलगतच्या टेबलानंतर अडीच वर्षांनी.

४ मार्च १९४३. पुन्हा कोकोनट ग्रोव्ह. टायरोन पॉवर आणि अॅलन लॅड हे दोघे नट सैनिकी गणवेशात मंचावर आले आणि त्यांनी एक ध्वज उलगडला. सिनेउद्योगातून सैन्यात गेलेल्या २७,६७७ जणांची नावं त्यावर होती. त्यांत नट होते तसे सुतार, शिंपी, दिवे धरणारे, फिल्म धुणारेही असणार. एवढी मोठी यादी त्यांच्याशिवाय होतच नाही. नावं कोरणारी बाई म्हणून मी त्या आकड्यापाशी थांबले. आम्ही एका पट्टीवर दोन ओळी कोरतो आणि त्यातही एखादा काना राहिला तर माणूस दुखावतो. तिथे तेवढी नावं एका कापडावर.

त्या वर्षी उत्कृष्ट चित्रपट 'मिसेस मिनिव्हर', सहा ऑस्कर. दिग्दर्शक विल्यम वायलर समारंभाला नव्हते, ते हवाई दलाबरोबर बॉम्बफेकी विमानांतून चित्रीकरण करत युरोपात होते. त्यांचं बक्षीस त्यांच्या पत्नीने घेतलं. अभिनेत्री ग्रीर गार्सन यांच्या हातात पुतळा आला आणि त्या पाच-साडेपाच मिनिटं बोलत राहिल्या. त्या लांबलेल्या भाषणाला लोक अजून हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. माणसाला काही मिळालं की बोलावंसं वाटतं. माहितीपटांत तर एकाच वेळी चौघांना ऑस्कर दिले. मिडवेची लढाई, न्यू गिनीतली कोकोडाची आघाडी, मॉस्कोची झुंज, आणि अमेरिकी सैनिकांना युद्ध समजावणारा एक. कोकोडाचं चित्रीकरण करणारे ऑस्ट्रेलियाचे डेमियन पॅरर पुढच्याच वर्षी पॅसिफिकमधल्या पेलेलिऊ बेटावर चित्रीकरण करताना मारले गेले.

आणि त्या रात्रीचे पुतळे प्लॅस्टरचे.

प्लॅस्टरचं काम लोक हलकं समजतात. ते हलकं नाही, उतावळ्या माणसाचं नाही एवढंच. आधी पाणी घ्यायचं आणि त्यात पावडर सोडायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही. पावडर पाण्यावर बेटासारखी दिसायला लागली की थांबायचं. मग हात पाण्याखालीच ठेवून सावकाश ढवळायचं, फेस होऊ द्यायचा नाही. साच्याला आतून आधी साबणाचं पाणी. पहिला थर ब्रशने, नाहीतर नाकाच्या शेंड्यावर हमखास बुडबुडा राहतो. मग उरलेलं ओतायचं आणि साचा हळूहळू आपटत राहायचं. मधे तार बसवायची, पायापासून मानेपर्यंत एकसंध. थोड्या वेळाने साचा हाताला गरम लागायला लागतो. प्लॅस्टर आवळतंय याची ती खूण. मामा साच्याला तळहात लावून डोळे मिटून उभे राहतात आणि ऊब उतरायला लागली की म्हणतात, "आला." मग उन्हात वाळवणं, पॉलिश पेपर, लाखेचा हात, सोनेरी रंग. पावसाळ्यात वाळायला चारपट वेळ. २०१९च्या पुरात दुकानातले वाळत घातलेले नग दोन दिवस पाण्यात होते, त्यांचा भुगा झाला. पितळेचे चषक मात्र चिखल धुऊन पुन्हा फळीवर ठेवले.

म्हणून धातूच्या जागी प्लॅस्टर देताना देणाऱ्याला किती जड जातं हे मला माहीत आहे. हातात घेतल्याबरोबर वजन कळतं. अकादमीला शेवटी पुतळा न देता नुसता कागद देता आला असता, किंवा युद्ध संपेस्तोवर थांबा म्हणता आलं असतं. त्यांनी तोच साडेतेरा इंचांचा योद्धा, तोच आकार, हातात दिला.

आता मला जे सांगायचंय ते येतं. २ मार्च १९४४ला समारंभ पहिल्यांदा हॉटेलातून बाहेर पडून ग्रॉमन्स चायनीज या थिएटरात गेला. सैनिकांना फुकट पास दिले. बेट डेव्हिस यांनी सांगितलेलं सगळंच केलं असं नाही, तिकिटं विकली नाहीत. पण थिएटर आलं, मोठा प्रेक्षक आला, आणि ज्या शानीची भीती होती ती काही गेली नाही. आणि त्याच रात्री सहाय्यक कलाकारांना पहिल्यांदा पाटीऐवजी पूर्ण पुतळा मिळाला. चार्ल्स कोबर्न आणि कॅटिना पॅक्सिनू.

म्हणजे बघा, धातू भरपूर होता तेव्हा सहाय्यकाला पाटी. धातू संपला तेव्हा पूर्ण पुतळा. एकाचं कारण दुसरं, असं मी म्हणत नाही. पण ज्या वर्षी द्यायला सगळ्यात कमी होतं, त्याच वर्षी सगळ्यांना एका उंचीचं दिलं गेलं, ही गोष्ट त्या तीन वर्षांची खरी कमाई आहे असं मला मनापासून वाटतं. कोबर्न आणि पॅक्सिनू यांचे पुतळे प्लॅस्टरचे होते, आणि मुख्य भूमिकेचं बक्षीस घेणाऱ्या जेनिफर जोन्स आणि पॉल लुकास यांचेही प्लॅस्टरचेच. चौघांच्या हातात एकच वजन.

कॅटिना पॅक्सिनू ग्रीसच्या. अथेन्सच्या रॉयल थिएटरच्या रंगभूमीवर वाढलेल्या. ग्रीस तेव्हा जर्मनांच्या ताब्यात. त्यांनी ते ऑस्कर आपल्या रॉयल थिएटरमधल्या सहकाऱ्यांच्या वतीने घेतलं. मागे राहिलेले ते नट-नट्या जिवंत आहेत की नाहीत हे कळायला मार्ग नव्हता. सांगलीच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. विष्णुदास भाव्यांनी इथे १८४३ साली 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हापासून या गावात कंपनी हा शब्द घरच्यासारखा वापरतात. कंपनीतला एक जण पुढे गेला की मागच्यांची आठवण काढतो, ही रीत आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

त्या रात्रीचा उत्कृष्ट चित्रपट 'कासाब्लांका'. निर्माते हॅल वॉलिस बक्षीस घ्यायला उठले, तर स्टुडिओचे मालक जॅक वॉर्नर त्यांच्या आधीच मंचावर पोचले. वॉलिस हे आयुष्यभर विसरले नाहीत. ज्याचं आहे त्याच्या हातात द्यावं, यापलीकडे यावर काय बोलणार.

आणि माहितीपटाचं ऑस्कर त्या वर्षी 'डेझर्ट व्हिक्टरी'ला गेलं. ब्रिटिश सैन्याच्या चित्रीकरण पथकाने उत्तर आफ्रिकेत घेतलेला. यासाठी माझ्याकडे घरचं कारण आहे. आईचं माहेर कराडकडचं. तिचे चुलते मराठा पलटणीत होते आणि १९४२च्या जूनमध्ये उत्तर आफ्रिकेतलं टोब्रुक पडलं तेव्हा कैद झाले. मग इटलीतली छावणी. सातारा जिल्ह्यातल्या किती घरांत असा एकेक म्हातारा होता! तो बोलला तर वाळू आणि पाणी एवढंच बोलायचा. हा माहितीपट त्यानंतरच्या एल अलामेनच्या लढाईचा. अंधारात एकाच वेळी तोफा सुटतात, तोफांच्या उजेडात माणसांचे चेहरे क्षणभर दिसतात. मी आईला शेजारी बसवून तो दाखवला. ती शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही, मग म्हणाली, "तात्या म्हणायचे तसलीच वाळू हाय की." पलीकडे त्या चित्रांना ऑस्कर मिळालं तेव्हा तात्या इटलीहून पुढे कुठे हलवले गेलेत हे घरात कुणाला माहीत नव्हतं.

१९४५ साली बॅरी फिट्झजेराल्ड यांना 'गोइंग माय वे'साठी सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. घरात गोल्फची काठी फिरवताना ती पुतळ्याला लागली आणि त्याची मान तुटली. मान तुटणारच. त्या आकारात मान आणि घोटे याच दोन नाजूक जागा आहेत, आणि आतली तार मानेच्या वर गेली नसेल तर जरा धक्का पुरतो. आमच्याकडे परत येणाऱ्या दहा नगांतले आठ मानेतूनच गेलेले असतात.

युद्ध संपल्यावर अकादमीने सांगितलं, प्लॅस्टरचे पुतळे आणून द्या, सोन्याच्या मुलाम्याचे घेऊन जा. घेणाऱ्याला कोण दोष देईल? प्लॅस्टरचे टवके उडतात, रंग काळवंडतो. पण त्या बदल्यात जुना पुतळा द्यायला नको होता, असं माझं ठाम मत आहे. दोन्ही ठेवू द्यायचे. १९४३ सालचं बक्षीस १९४३च्याच मालाचं असायला हवं. भोकाचा पैसा कुणी बदलून चांगला घेतला असता तर आईच्या डबीत आज काय असतं?

त्यानंतर १९४७चा समारंभ. वायलर युद्धावरून परतले होते, विमानातल्या आवाजाने एक कान गमावून. त्यांनी घरी परतलेल्या तीन सैनिकांवर 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज' केला. त्यात हॅरॉल्ड रसेल होते, नट नव्हते. सैन्यात प्रशिक्षण देताना स्फोट होऊन दोन्ही हात गेलेले, हातांच्या जागी धातूचे आकडे. एवढ्या नवख्या माणसाला स्पर्धेत मिळणार नाही असं वाटून अकादमीने त्यांना आधीच एक विशेष ऑस्कर ठरवलं होतं. ते त्यांनी घेतलं, आणि मग सहाय्यक अभिनेत्याचंही त्यांनाच मिळालं. एकाच भूमिकेसाठी दोन. पुतळे तोवर पुन्हा धातूचे झाले होते. तीन वर्षांपूर्वी असते तर त्यांना दोन आकड्यांत दोन प्लॅस्टरचे योद्धे धरावे लागले असते. उंची मात्र १९४४ला जी ठरली तीच राहिली, धातू परत आल्यावरही कमी केली नाही. हे मला त्या सगळ्यातलं सगळ्यात मोठं वाटतं.

या वर्षी एकांकिका स्पर्धेच्या एका आयोजकांचा फोन आला. ते दरवर्षीचे. मुख्य भूमिकेला बारा इंची, सहाय्यकला सहा इंची, उत्तेजनार्थ नुसतं मेडल, असं त्यांचं ठरलेलं माप. मी म्हटलं, "दादा, या खेपेला सहाय्यकलाही बारा इंची घ्या."

"बजेट बसत नाही ओ ताई. पितळ किती महागलंय."

"मग पितळ नको. सगळ्यांनाच प्लॅस्टरचं करून देते. मानेत तार घालून. तुमच्या जुन्या बजेटातच बसतंय."

ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मुख्य भूमिकेची पोरं नाराज हुतील की."

मी त्यांना जेनिफर जोन्स आणि कॅटिना पॅक्सिनू यांची गोष्ट सांगितली. नावं त्यांच्या लक्षात राहिली नसतील, पण गोष्ट राहिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी बारा इंची आठ नगांची ऑर्डर पाठवली, चार मुख्य, चार सहाय्यक, सगळे एका साच्यातले. नावांची यादी आठ दिवस आधी पाहिजे, असं मी त्यांना सांगून ठेवलंय, कारण पाऊस अजून पुरता गेलेला नाही आणि माल वाळायला वेळ लागणार आहे.